सर्किट बेंडिंग आणि सॉफ्टवेअरमधून त्याची नक्कल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्किट बेंडिंग म्हणजे नेमकं काय?

बॅटरीवर चालणारं, आवाज करणारं खेळणं उघडायचं. आतल्या बोर्डावरचे असे दोन बिंदू तारेने जोडायचे, जे कारखान्यात कधीच जोडलेले नव्हते. निघालेला आवाज आवडला तर तिथे स्विच, पॉट (घुंडी फिरवून रोध बदलणारा रेझिस्टर) किंवा बोट लावायचा खिळा कायमचा बसवायचा. सर्किटचा नकाशा समोर ठेवून केलेली दुरुस्ती वेगळी आणि नकाशाशिवाय, फक्त कानाने शोधत केलेला बेंड वेगळा. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा रीड गझाला हा या पद्धतीचा आद्य पुरुष. १९६०च्या दशकात टेबलाच्या खणात उघड्या पडलेल्या छोट्या अँप्लिफायरला धातू लागून तो चित्रविचित्र ओरडू लागला, तिथून त्याचा शोध सुरू झाला. ‘सर्किट बेंडिंग’ हे नाव त्यानेच १९९२ मध्ये रूढ केलं.

शॉक बसेल का?

सेलवर चालणाऱ्या खेळण्यात नाही. तीन-चार पेन्सिल सेल म्हणजे ४.५ ते ६ व्होल्ट. पण भिंतीतल्या प्लगवर, म्हणजे २३० व्होल्टवर चालणारं काहीही बेंड करायचं नाही. खेळण्याला अॅडॅप्टर लावायची सोय असली तरी झाकण उघडं असताना तो लावू नका. स्वस्त अॅडॅप्टरमधलं इन्सुलेशन भरवशाचं नसतं आणि बेंडिंगमध्ये तुमची बोटं थेट बोर्डावर असतात. हा नियम अनुभवी लोकांनाही लागू आहे.

पुण्यात खेळणी आणि सुटे भाग कुठे मिळतील?

खेळण्यांसाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारी किंवा बुधवारी. सुटे भाग बुधवार पेठेत, तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास. ड्रिल बिट, छोटे पाने, पितळी स्क्रू यांच्यासाठी रविवार पेठेतली बोहरी आळी.

जुन्या बाजारात जाताना चार नवे पेन्सिल सेल आणि क्रोकोडाइल क्लिपच्या दोन तारा खिशात ठेवा. विकणाऱ्याकडे सेल नसतात आणि ‘चालू आहे’ या शब्दावर घेतलेलं खेळणं घरी येऊन मुकं निघतं. सेलचा कप्पा उघडून बघा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली म्हणून लगेच सोडून देऊ नका. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, ती खायच्या सोड्याच्या पाण्याने निघते. अल्कलाइन सेलची असेल तर व्हिनेगर लागतं. पट्टी पूर्ण खाल्ली गेली असली तरी सेलचा नवा होल्डर बाहेरून जोडता येतो. बोर्डावरचे तांब्याचे मार्ग हिरवे पडलेले असतील तर मात्र ते खेळणं घेऊ नका.

दुकानात पॉट मागताना ‘व्हॉल्यूम कंट्रोल’ म्हटलं की लवकर कळतं. त्यावर छापलेला ए म्हणजे लॉग (रोध आधी हळू, मग झपाट्याने वाढतो), बी म्हणजे लिनिअर (रोध सारखा वाढत जातो).

सुरुवात कुठल्या खेळण्याने करू?

स्वस्त, बोलणारं किंवा प्राण्यांचे आवाज काढणारं आणि आकाराने मोठं. मोठ्या डब्यात स्विच बसवायला जागा मिळते. कॅसिओ एसके-१ सारखे जुने सॅम्पलिंग कीबोर्ड फार सुंदर बेंड होतात, पण पहिल्याच प्रयत्नात तसा कीबोर्ड मारून टाकणं म्हणजे पुन्हा न मिळणारी वस्तू घालवणं.

खेळणंही नको असेल तर यूएम ३५६१ हा सायरनचा आयसी, म्हणजे चिप, घ्या. शिकायला याच्याइतकी साफ वस्तू दुसरी नाही. आठ पायांचा, ३ व्होल्टवर म्हणजे दोन पेन्सिल सेलवर चालणारा. ५ नंबरच्या पिनला प्लस, २ नंबरला मायनस. ३ नंबरचं आउटपुट १० किलोओहममधून बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला, एमिटर मायनसला, कलेक्टर आणि प्लस यांच्यामध्ये ८ ओहमचा स्पीकर. ७ आणि ८ यांच्यात २२० किलोओहम. हाच रेझिस्टर चिपचा वेग ठरवतो. ६ नंबरची पिन मोकळी ठेवली, प्लसला लावली की मायनसला, त्यावर सायरन बदलतो. १ नंबर प्लसला लावली की बंदुकीच्या फैरी येतात. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायची पाटी) अर्ध्या तासात तयार होतं आणि बेंडिंगमधली मुख्य युक्ती, म्हणजे वेगाचा रेझिस्टर बदलणं, डोळ्यांसमोर दिसते.

खेळणं उघडलं तर आत चिप दिसतच नाही, फक्त काळा थेंब आहे. आता?

त्या थेंबाखालीच चिप आहे. सिलिकॉनचा तुकडा थेट बोर्डावर चिकटवून वरून काळा इपॉक्सी ओततात. थेंबाला हात लावायचा नाही. त्याच्या भोवतीचे भाग बघायचे.

थेंबाच्या अगदी जवळ एखादाच रेझिस्टर बसलेला असतो. तो रंगपट्ट्यांचा असेल किंवा वर १०४, १५४, २२४ असे आकडे छापलेला तांदळाएवढा चपटा. १०४ म्हणजे १०० किलोओहम, १५४ म्हणजे १५०, २२४ म्हणजे २२०. ही ओळखीची खूण आहे. खात्री करायला खेळणं वाजत असताना ओलं बोट त्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर दाबा. आवाजाची पट्टी वर सरकली तर तोच वेगाचा रेझिस्टर. तुमची कातडी त्याला समांतर जोडली जाते, एकूण रोध कमी होतो आणि चिपचं घड्याळ पळू लागतं. बोट पाण्याने ओलं करा, जिभेने नको. सोल्डरमध्ये शिसं असतं. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, लहान मुलांना त्या टेबलापासून लांब ठेवा आणि बेंड केलेलं खेळणं पुन्हा मुलांच्या हातात देऊ नका.

वेगाचा पॉट कसा बसवायचा?

मूळ रेझिस्टर काढा. त्याच्या जागी ४७ किलोओहमचा कायमचा रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, १ मेगओहमचा पॉट. ४७ किलोओहम सोडायचा नाही. पॉट शून्यावर गेला की घड्याळ इतकं पळतं की चिप अडकते, आणि मग सेल काढल्याशिवाय सुटत नाही.

हिशेब साधा आहे. रोध दुप्पट केला की वेग जवळपास निम्मा, म्हणजे आवाज एक सप्तक खाली. मूळ रेझिस्टर २२० किलोओहम असेल तर ४४० ला एक सप्तक खाली, आणि पॉट पूर्ण फिरवल्यावर १०४७ किलोओहमला सव्वादोन सप्तकं खाली. लिनिअर पॉट घेतला तर सगळी गंमत एका टोकाच्या बोटभर जागेत गोळा होते आणि उरलेल्या फेऱ्यात काही घडत नाही. म्हणून ए छापाचा लॉग पॉट घ्या आणि कमी रोधाची बाजू फिरवण्याच्या सुरुवातीला येईल अशा तारा लावा.

पॉटऐवजी प्रकाशाचा रेझिस्टर, म्हणजे एलडीआर लावला तर हाताच्या सावलीने मींड घेता येते. अंधारात त्याचा रोध मेगओहमच्या घरात जातो, उजेडात काही किलोओहमवर येतो. इथेही ४७ किलोओहम सिरीजमध्ये हवाच.

काही खेळण्यांत वेगाचा भाग चिपच्या आतच असतो, बाहेर रेझिस्टर नसतोच. काहींत वेग ठरवायला चकचकीत क्रिस्टल किंवा तीन पायांचा रेझोनेटर असतो. क्रिस्टलच्या जागी पॉट चालत नाही. तिथे एलटीसी १७९९ हा ऑसिलेटर आयसी वापरतात. २.७ ते ५.५ व्होल्टवर चालतो, भागाकार १ वर ठेवला तर १० किलोओहमला १० मेगाहर्ट्झ देतो आणि २५ किलोओहमला ४ मेगाहर्ट्झ. त्याचे पाय नखाएवढ्या जागेत पाच आहेत, त्यामुळे तयार अॅडॅप्टर बोर्डावर बसवलेलाच घ्या.

बेंड शोधायची पद्धत काय?

आधी न बेंड केलेलं खेळणं पूर्ण वाजवून बघा आणि बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. स्पीकर आणि सेलच्या तारा केसाएवढ्या असतात, उघडझाक करताना पहिल्यांदा त्याच तुटतात. त्यांच्या मुळाशी ग्लू गनचा थेंब टाका.

मग एक तार घ्या, मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर जोडा. एक टोक एका बिंदूवर क्रोकोडाइल क्लिपने धरा, खेळणं वाजतं ठेवा आणि दुसऱ्या टोकाने बाकीचे बिंदू एकेक करून टोचत जा. प्रत्येक बिंदूवर फार तर एक सेकंद. काही घडलं तर फोटोवर दोन्ही बिंदूंना एकच क्रमांक लिहा आणि काय ऐकू आलं ते दोन शब्दांत नोंदवा: ‘अडखळतो’, ‘उलटा’, ‘गुरगुर’, ‘रिसेट’. नोंद न ठेवल्यामुळे हरवलेले बेंड पुन्हा सापडत नाहीत. ४७० ओहमने काही झालं नाही तर १०० ओहमने, आणि मगच थेट तारेने.

सेलच्या प्लस-मायनसवर, स्पीकरच्या टोकांवर आणि मोठ्या गोल कपॅसिटरवर टोचायचं नाही. प्लस आणि मायनस जुळले की सेल तापतात. स्पीकरची बाजू शॉर्ट झाली की त्याला ढकलणारा ट्रान्झिस्टर जळतो.

सापडलेल्या बिंदूला तार लावताना २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि ०.७ किंवा ०.८ मिलिमीटरची ६०/४० सोल्डर वायर पुरे. आधी तारेच्या टोकाला आणि बिंदूला वेगवेगळं सोल्डर चढवा, मग दोन्ही एकत्र करून दोन सेकंद टोक टेकवा. त्याहून जास्त वेळ धरलं तर स्वस्त बोर्डावरचा तांब्याचा गोल उचकटून येतो.

खेळणं अचानक गप्प झालं. मेलं का?

बहुतेक वेळा नाही. सेल काढा, पॉवरचा स्विच चालूच ठेवा आणि दहा सेकंद थांबा. कपॅसिटर रिकामा व्हायला तेवढा वेळ लागतो. लगेच सेल घातले तर चिप त्याच गोंधळलेल्या स्थितीतून उठते आणि माणूस समजतो की खेळणं संपलं. बेंड केलेल्या प्रत्येक खेळण्याला सेलच्या प्लस तारेत एक रिसेट बटन लावाच. ‘नॉर्मली क्लोज्ड’ प्रकारचं, म्हणजे दाबलं की पुरवठा तुटतो.

काळा थेंब बोटाला गरम लागत असेल तर क्षणभरही थांबू नका, सेल काढा. चुकीच्या जोडणीमुळे चिपच्या आत पुरवठ्यालाच वाट मिळालेली असते. वेळेत तोडलं तर चिप वाचते.

सेल उतरत आल्यावर येतो तसा मरगळलेला आवाज कायम कसा मिळवायचा?

सेलच्या प्लस तारेत १०० ओहमचा, २ वॅटचा वायरवाउंड पॉट सिरीजमध्ये लावा. साधा कार्बन पॉट इथे जळतो. खेळणं ६० मिलिअँपिअर घेत असेल तर ५० ओहमवर ३ व्होल्ट पडतात, म्हणजे ०.१८ वॅट उष्णता, आणि तीही पट्टीच्या छोट्याशा भागात. या बेंडची मजा अशी की आवाज मोठा झाला की स्पीकर जास्त करंट ओढतो, त्यामुळे व्होल्टेज आणखी पडतं, चिप रिसेट होते, आवाज थांबतो, व्होल्टेज सावरतं आणि चिप पुन्हा सुरू होते. खेळणं स्वतःचाच ठेका धरतं.

मिक्सरला किंवा ऑडिओ इंटरफेसला जोडायला आउटपुट कसं काढू?

मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि स्पीकरच्या दोन्ही तारा सेलच्या प्लस आणि मायनसशी तपासा. जी तार दोन्हींशी बीप देत नाही, तिच्यातून आवाज घ्यायचा. दोन्ही तारा बीप देत नसतील तर चिप स्पीकरला दोन्ही बाजूंनी ढकलते आहे. त्यातली कुठलीही एक चालेल, पण दुसरी जॅकच्या ग्राउंडला लावायची नाही. लावली तर चिपचं आउटपुट शॉर्ट होतं. नवशिक्यांची सर्वाधिक खेळणी याच चुकीने जातात.

निवडलेल्या तारेपासून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्लस बाजू खेळण्याकडे. पुढे १० किलोओहम, मग जॅकची टीप, म्हणजे टोकाचा भाग. टीप आणि ग्राउंड यांच्यात १ किलोओहम. ग्राउंड म्हणजे सेलचा मायनस. आवाजाची पातळी अकरा पटींनी खाली येते आणि इंटरफेस सुरक्षित राहतो. बारीक शिट्टीसारखी किरकिर येत असेल तर १ किलोओहमला समांतर २२ नॅनोफॅरडचा, २२३ छापलेला कपॅसिटर लावा. तो साधारण ८ किलोहर्ट्झच्या वरचं कापतो.

घरात जुना इलेक्ट्रॉनिक तानपुरा पडून आहे. तो बेंड करू का?

अनेक जुन्या मॉडेलांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर डब्याच्या आतच असतो, म्हणून उघडूच नका. शिवाय चालू तानपुरा एखाद्या गाणं शिकणाऱ्या मुलाच्या रोजच्या रियाजाला उपयोगी पडतो, तिथे द्या. तानपुऱ्याचा आवाज बेंड करायचा असेल तर तो रेकॉर्ड करून खाली सांगितलेल्या पद्धतींनी करा. संथ, सलग स्वर असल्यामुळे पत्त्याचा बेंड, म्हणजे मेमरीतून वाचायची जागा बिघडवणं, त्यावर विलक्षण खुलतो.

पावसाळ्यात बेंड आपोआप चालू-बंद होतात. का?

हवेतल्या ओलाव्याने स्विचचे संपर्क काळवंडतात आणि बोर्डावर राहिलेला सोल्डरचा फ्लक्स (त्यातला राळेसारखा पदार्थ) ओल धरून थोडी वीज वाहू देतो. मेगओहमच्या घरातल्या बिंदूंना तेवढी गळती पुरते. जून लागायच्या आत बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुऊन वाळवा.

बिटक्रशर लावला, तरी बेंड केलेल्या खेळण्यासारखं का वाटत नाही?

कारण बिटक्रशर, म्हणजे आवाजाचे बिट कमी करणारा इफेक्ट, आवाज खरबरीत करतो, त्याचा क्रम बदलत नाही. खेळण्यातला बेंड घडतो तो तीन ठिकाणी. घड्याळ, म्हणजे किती वेगाने वाचायचं. पत्ता, म्हणजे मेमरीतून कुठून वाचायचं. आणि डेटा, म्हणजे वाचलेल्या आकड्याचं काय झालं. आवाजाची नक्कल करू नका, या बिघाडांची करा. आवाज मागून आपोआप येतो. तयार ‘ग्लिच’ इफेक्ट स्वच्छ आवाज कापून चिकटवतात. त्यात खेळण्याच्या तर्काचा मागमूस नसतो आणि कानाला ते लगेच कळतं.

आधी मूळ आवाज खेळण्याच्या पातळीवर आणा: मोनो, ८ बिट, ८ ते १० किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ८ ते १० हजार नमुने. कॅसिओ एसके-१ ची सॅम्पलिंग ९.३८ किलोहर्ट्झ, ८ बिट होती. बिट कमी करताना डिदर (मुद्दाम मिसळलेली बारीक खरखर) बंद ठेवा, खेळण्यात तो नसतो.

घड्याळ हळू केल्याची नक्कल कशी?

पिच आणि वेग एकत्रच खाली आले पाहिजेत. टाइम-स्ट्रेच अजिबात नको. इथे बहुतेकांची चूक होते ती इंटरपोलेशनमध्ये. ऑडॅसिटीसारखं आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर वेग बदलताना दोन नमुन्यांच्या मधली जागा गुळगुळीत भरतं, म्हणून आवाज नुसताच मठ्ठ होतो. खेळण्यात मधली जागा भरायला कोणी नसतं. आकडा पायरीसारखा धरून ठेवला जातो आणि पायऱ्यांच्या कडांमधून वरचे स्वर निर्माण होतात. ८ किलोहर्ट्झवरच्या १ किलोहर्ट्झच्या स्वराला ७ आणि ९ किलोहर्ट्झवर सावल्या असतात. घड्याळ निम्मं केलं की स्वर ५०० हर्ट्झवर येतो आणि सावल्या ३.५ आणि ४.५ किलोहर्ट्झवर, म्हणजे कानाला सर्वांत टोचणाऱ्या पट्ट्यात. खेळण्याचा तो धातूसारखा खणखणाट हाच.

म्हणून प्युअर डेटा या आवाजाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत तक्ता वाचायला टॅबरीड४~ नव्हे, टॅबरीड~ वापरा. तो इंटरपोलेशन करत नाही. सुपरकोलायडर या तशाच दुसऱ्या भाषेतल्या बफआरडीमध्ये इंटरपोलेशन १, म्हणजे बंद, ठेवा. १६३८४ नमुन्यांचा तक्ता ८ किलोहर्ट्झवर २.०४८ सेकंद चालतो, म्हणून फेझर~ ला (० ते १ पर्यंत पुन्हा पुन्हा चढणारा आकडा देणारा भाग) ०.४८८ हर्ट्झ द्या आणि १६३८४ ने गुणा. ०.२४४ दिलं की एक सप्तक खाली.

पत्त्याचा बेंड कसा करायचा?

सगळ्यात जास्त फळ देणारा भाग हाच.

मेमरीतला प्रत्येक नमुना एका क्रमांकावर बसलेला असतो आणि तो क्रमांक चिपच्या आत ०-१ च्या तारांवरून जातो. एक तार शून्यावर अडकली की काय होतं ते बघा. १०२४ वजनाची तार अडकली असं धरा. १०२४ ते २०४७ हे क्रमांक मागितले की ० ते १०२३ च येतात. ८ किलोहर्ट्झवर १०२४ नमुने म्हणजे १२८ मिलिसेकंद. म्हणजे आवाजाचा प्रत्येक तुकडा दोनदा वाजतो आणि त्याच्यानंतरचा तुकडा कायमचा गायब होतो. पाऊण सेकंदात म्हटलेला ‘नमस्कार’ साधारण सहा तुकड्यांचा. त्यातले पहिला, तिसरा, पाचवा उरतात आणि प्रत्येक दुहेरी ऐकू येतो. शब्दाची एकूण लांबी मात्र तेवढीच राहते. तोतरेपणा आहे, पण लय मोडलेली नाही, हीच खऱ्या बेंडची खूण.

करायची रीत: वाचण्याच्या क्रमांकाला १०२४ ने भागा, फक्त पूर्णांक घ्या. तो विषम असेल तर क्रमांकातून १०२४ वजा करा. प्युअर डेटात एक्स्प्र~ या सूत्र लिहायच्या भागात हे एका ओळीत बसतं. १०२४ च्या जागी २५६ घातलं तर तुकडे ३२ मिलिसेकंदांचे होतात, शब्द वितळून घरघर उरते. १ वजनाची तार अडकवली तर प्रत्येक नमुना दोनदा येतो, म्हणजे रेट निम्मा झाल्यासारखा. दोन तारांची अदलाबदल वेगळी ऐकू येते: ५१२ आणि १०२४ ची केली तर २०४८ नमुन्यांच्या प्रत्येक गटात मधले दोन ६४ मिलिसेकंदांचे तुकडे जागा बदलतात, काही हरवत नाही.

प्रत्येक तारेला एक बटन द्या आणि ती बटनं हाताने वाजवा. २, ४, ८, १६ अशा दुपटीने वाढणाऱ्या आकड्यांत न बसणारे तुकडे, उदाहरणार्थ १००० नमुन्यांचे, ठेवू नका. खेळण्याला १००० माहीत नसतं.

आणि डेटाचा?

८ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये शांतता म्हणजे १२८, बायनरीत १००००००० . आता सर्वांत वरच्या दोन तारा शॉर्ट केल्या आणि दोन्ही १ असतील तरच १ राहतो असं धरा. १२८ चा होतो ०. त्याच्या शेजारचा १२७, म्हणजे ०१११११११, होतो ६३. पण २०० तसाच राहतो, कारण त्याच्या वरच्या दोन्ही तारा १ च आहेत. म्हणजे मोठा आवाज बराचसा सहीसलामत आणि शांततेच्या आसपासची किंचित थरथर ६३ पायऱ्यांच्या उड्या मारते. बेंड केलेल्या खेळण्याचा शब्द विरताना शेवटीच सर्वांत भयंकर करकर का येते, याचं कारण हे. साधं डिस्टॉर्शन याच्या बरोबर उलट वागतं, मोठ्या आवाजाला चिरडतं. म्हणून ते कधीच पटत नाही.

सुपरकोलायडरमध्ये आणि रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या जेएसएफएक्स लिपीत बिटांवरच्या क्रिया थेट करता येतात. शेवटी २० हर्ट्झचा हायपास (त्याखालचं गाळून टाकणारा फिल्टर) लावायला विसरू नका, नाहीतर शून्यरेषा सरकलेलीच राहते.

प्रोग्रॅमिंग येत नाही. मग?

ऑडॅसिटीत ८००० हर्ट्झचा प्रोजेक्ट घ्या आणि तुकडे हाताने कापा: १२८ मिलिसेकंदांचा पहिला तुकडा कॉपी करून दुसऱ्यावर टाका, तिसरा चौथ्यावर. कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटांत एक शब्द होतो आणि तत्त्व पक्कं डोक्यात बसतं. संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी एलएमएमएसमध्ये बिटक्रश आहे, एबलटन लाइव्हमध्ये रीडक्स. दोन्ही पहिल्या पायरीपुरते ठीक. ऑडॅसिटीच्या इम्पोर्टमध्ये ‘रॉ डेटा’ वापरून चित्राची फाइल आवाज म्हणून उघडता येते. तो प्रकार सुरेख आहे, पण बेंडिंगचा नाही.

सगळं रँडम केलं तरी निर्जीव का वाटतं?

खेळण्यातले बिघाड गठ्ठ्याने येतात. बराच वेळ एकाच चक्रात अडकणं, मग अचानक निसटणं. समान विखुरलेले रँडम आकडे असं वागत नाहीत. त्याऐवजी हे सूत्र वापरा: नवा आकडा म्हणजे आर गुणिले जुना गुणिले एक वजा जुना, सुरुवात ०.३ ने. आर ३.५७ च्या पुढे नेला की गोंधळ सुरू होतो. ३.८३ च्या आसपास तीन पायऱ्यांचं चक्र लागतं. आर हाताने ३.८२ आणि ३.८४ च्या मध्ये हलवत तो आकडा तारांच्या बटनांना जोडा. अडकणं आणि सुटणं दोन्ही मिळतं.

स्पीक अँड स्पेलचा आवाज कसा मिळवायचा?

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९७८ च्या या खेळण्यात आवाज रेकॉर्ड केलेला नव्हता. दर २५ मिलिसेकंदांनी स्वराची उंची, जोर आणि तोंडाच्या आकाराचे दहा आकडे मेमरीतून येत आणि चिप त्यातून बोलणं घडवत असे. म्हणून त्याच्या बेंडमध्ये शब्द तुटत नाहीत, तोंडच वाकडं होतं. त्यावर पत्त्याची वरची युक्ती लावून ते साधत नाही.

प्राट हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. आवाज ८००० हर्ट्झवर आणा, एलपीसी विश्लेषण (आवाजातून तोंडाच्या आकाराचे आकडे काढायची पद्धत) ऑर्डर १० ने करा, मग मूळ कंठस्वराऐवजी एकसुरी ठोक्यांची माळ त्या एलपीसीतून गाळा. यंत्राचा आवाज लगेच उभा राहतो. एकच फ्रेम पुन्हा पुन्हा वापरली की तो प्रसिद्ध ताणलेला स्वर मिळतो. अस्सल चिपचं अनुकरण हवं असेल तर मेम (MAME) या जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीक अँड स्पेल आहे.

शेवटी आवाज लॅपटॉपचा वाटतो, खेळण्याचा नाही.

स्पीकर राहिला. खेळण्याचा दोन इंची कागदी स्पीकर ४०० हर्ट्झखाली आणि ५-६ किलोहर्ट्झच्या वर फारसं देत नाही आणि मध्ये कुठेतरी घुमतो. इक्यूने, म्हणजे वेगवेगळे स्वरपट्टे कमी-जास्त करून, जवळपास जाता येतं. त्याहून सरस म्हणजे मेलेल्या खेळण्याचा डबा स्पीकरसकट जपून ठेवा, छोट्या अँप्लिफायरने आवाज त्यातून वाजवा आणि बोटभर अंतरावरून माइकने परत घ्या.

रेकॉर्डिंगमध्ये घूं येतं.

लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बहुधा थांबतं. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये घ्या आणि पुढे हळू करायचा विचार असेल तर ९६ किलोहर्ट्झवर. शिखर उणे १२ डेसिबलवर ठेवा. बेंड कधी किंचाळेल याचा नेम नसतो, म्हणून हेडफोनच्या आधी लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) लावा आणि नवीन बेंड पहिल्यांदा हेडफोनवर कधीच ऐकू नका.

जळालेल्या बोर्डांचं काय करायचं?

स्पीकर, सेलचा कप्पा, बटनांचे रबर, स्प्रिंगा आणि डब्याचे स्क्रू काढून ठेवा. पुढच्या खेळण्याला हेच लागतात. उरलेला बोर्ड ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, त्यात शिसं आहे. वेगळ्या पिशवीत साठवून ई-कचरा म्हणून द्या, आणि गळलेले सेल त्या पिशवीत मिसळू नका.